वजन कमी लिही

मुबीन सोलकर हर्णैच्या बंदरात
सव्वीस वर्षं लिलाव पुकारत होता.
सुवर्णदुर्गाला वळसा घालणारी होडी
वाळूला लागायच्या आत भाव ऐकायची,
असा आवाज.
मी बर्फवाला. माझा आवाज
लादी फोडताना उडतो त्या भुशाएवढा.

गणपतीनंतर त्याचा घसा बसला.
सगळे हसले, म्हणाले, मध चाट.
दिवाळीच्या आसपास परळहून कागद आला.
सईदाभाभीने तो मला वाचायला लावला,
आणि मधेच म्हणाली, नको,
ते नाव परत नको वाचू,
खालचा आकडा सांग.

साडेचार लाख.
योजनेतून थोडे येतील,
पण योजनेला दाखला हवा, दाखल्याला तलाठी हवा,
आणि तलाठी फक्त मंगळवारी असतो.

मी शंभर पानी वही आणली.
पहिल्या ओळीवर माझे पाच हजार एक लिहिले,
वही काखेत मारून निघालो
तर ह्यानं मनगट धरलं.
आवाज नव्हताच, नुसती हवा आली:
"मागू नको माझ्यासाठी. वीक."

काय विकू?
होडी त्याची नाही, जाळं त्याचं नाही.
जन्मभर लोकांचं विकलं,
आणि घरी नेली रोजची पिशवीभर बारकी मासळी.

शनिवारी चार वाजता हरेश्वर चोगल्यानं
होडीतून एक सुरमई काढली,
वाळूवर ठेवली, म्हणाला, "ही त्याची.
पावणीतला नारळ विकतात तशी वीक.
घेईल त्यानं परत इथंच ठेवायची."

मुबीन उलट्या क्रेटवर बसला, गळ्याला मफलर, बोटं मोकळी.
मी पुकारलं.
कुणी म्हणालं, ह्याच्यापेक्षा बर्फ मोठ्यानं वितळतो.
मी पुन्हा पुकारलं.
तीन हजार. तीन हजार. साडेतीन.
मुबीनचं एक बोट वर, दुसरं, तिसरं.
सुटली.
घेणाऱ्यानं नोटा पाटीत टाकल्या,
सुरमई परत वाळूवर.

पाच हजार. अकराशे. बाराशे.
कासकर शेठ, पापलेटच्या एका पाटीवरून
सात वर्षं मुबीनशी अबोला धरलेला,
पाठमोराच उभा राहून म्हणाला, "वीस."
मी विचारलं, वीस काय?
"हजार रे, बर्फवाल्या. अजून काय!"
पाठ मात्र फिरवली नाही.

मग चार हजारावर बोली चालू असताना
मागून जनाबाय ओरडली, "साठ रुपये!"
सगळे गप्प.
खालची बोली लिलावात धरत नाहीत,
हे मुबीननंच मला शिकवलेलं.
मी त्याच्याकडे बघितलं.
एक बोट. दुसरं.
तिसऱ्याला जरा वेळ लागला.
सुटली, साठ रुपयांना.

जनाबायनं सुरमई पाटीत घातली,
पाटी डोक्यावर घेतली, चार पावलं गेली.
कुणाची छाती झाली नाही काही बोलायची.
मग तीच वळली, पाटी उतरवली.
"वजन बघत होते," म्हणाली. "मोप हाय."

दिवे लागेपर्यंत एकोणीस वेळा विकली.
तोवर डोळे धुरकट झाले तिचे, पोट मऊ.
मी फुकटचा बर्फ घालत होतो,
तो वाळूत जात होता.
शेवटी ती कुणी घरी नेली
ते मला माहीत नाही. विचारलं नाही.

रात्री त्याच्या ओट्यावर वही भरली:
सुरमई, साडेतीन किलो, आणि खाली एकोणीस भाव.
बेरीज एक लाख सात हजार दोनशे साठ.
मुबीननं वही ओढून घेतली,
बोट ओळीओळीवरून नेलं,
साठवर थांबलं, पुढे गेलं.
मग माझ्याच पेन्सिलीनं
समासात लिहिलं:

वजन कमी लिही.
दुपारचा मासा
रात्री तेवढा भरत नाही.